दोन टाक्या, एक रेघ

पडद्यावर तीन रेघा यायला हव्या होत्या. मला दोनच दिसत होत्या.

खालची लाल, ती आमची. तिच्या बऱ्याच वर एक निळी. हिरवी कुठे गेली म्हणून मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, तरी ती दिसेना. मग पोर्तुगालहून आलेल्या तेरेझाने निळी रेघ क्षणभर घालवून दाखवली आणि तिच्या खालून हिरवी निघाली. निळीच्या इतकी बरोबर खाली बसली होती की तसूभरही बाहेर डोकावत नव्हती.

"पोर्तुगाल आणि स्कॉटलंड," तेरेझा इंग्रजीत म्हणाली. तिचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. "आणि ही लाल रत्नागिरी."

आमच्या प्राचार्यांनी टाळ्या वाजवायला हात वर नेले होते. शेजाऱ्यांचे चेहरे बघून त्यांनी ते हळूच मांडीवर ठेवून दिले.

या गोष्टीला आता पंधराएक वर्षं झाली. रत्नागिरीच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी तेव्हा काम करत होते, तिथे लाटांची एक टाकी होती. लांबलचक हौद, एका टोकाला लाटा उठवणारी फळी, दुसऱ्या टोकाला लाटा जिरवणारा जांभ्या दगडांचा उतार. कोणे एके काळी बंदरांचे नमुने तपासायला ती बांधली होती. पुढे बंदरवाले मुंबईला जाऊ लागले आणि टाकीत शेवाळ वाढू लागलं. ती बुजवून तिथे बॅडमिंटनचा हॉल करावा हे प्राचार्यांचं लाडकं स्वप्न होतं. स्वप्नाचा नकाशासुद्धा काढून झाला होता, त्यांच्या केबिनमध्ये टेबलामागे लटकत होता.

टाकी तोवर तगली होती ती हर्डीकर सरांमुळे. सर आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. तो दगडांचा उतार त्यांनी तरुणपणी गवंड्यांबरोबर उभं राहून, दगड न् दगड स्वतः बसवून घेतला होता. त्यांना मूलबाळ नव्हतं. टाकी होती. माझ्यासारखे चार-दोन विद्यार्थी होते, आणि विद्यार्थ्यांत पहिला नंबर निशिकांतचा.

निशिकांत पेडणेकर वेंगुर्ल्याचा. माझ्याच वर्गातला. होस्टेलच्या जेवणाला कंटाळून दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. माझी आईही माहेरची वेंगुर्ल्याची, त्यामुळे तिला गावचं कोणी भेटलं की चुलीवर आणखी एक टोप चढायचाच. पुढे तो स्कॉटलंडला गेला आणि तिथल्या एका विद्यापीठात लाटांवर वीज करणाऱ्या यंत्रांवर काम करू लागला. त्यानेच आम्हाला या प्रकल्पात आणलं. "सरांची टाकी वाचवायची ही शेवटची संधी असा, वैजू," फोनवर म्हणाला होता. त्या फोननंतर मी देवापुढे दिवा लावला होता, हेही सांगून टाकते.

प्रकल्प तसा साधा होता. समुद्राच्या लाटेने एका पेटीतली हवा दाबायची, त्या हवेने पंखा फिरवायचा, पंख्याने वीज करायची. पेटी तेरेझाच्या पोर्तुगालमधल्या संस्थेने शोधलेली. तिचा घागरीएवढा एकच नमुना तीन देशांतल्या तीन टाक्यांत फिरायचा आणि लाटेतली किती ताकद पेटीच्या हाती लागते ते प्रत्येकाने आपापलं मापायचं. अट एकच होती. कोणी कोणाला आपला निकाल सांगायचा नाही. सगळ्या फाइली कुलूपबंद होऊन एकाच दिवशी, सगळ्यांसमोर उघडायच्या. लग्नातल्या आंतरपाटासारखं. तो खाली येईपर्यंत कोणी कोणाचं तोंड बघायचं नाही. तसं न केलं तर माणूस नकळत दुसऱ्याच्या आकड्याकडे सरकतो, म्हणून ही सगळी खटपट.

निकाल जुळले तर दुसरा टप्पा आमच्या टाकीत होणार होता. मोठा नमुना, परदेशी पाहुणे, काही वर्षांचं काम. टाकी वाचली. नाही जुळले तर बॅडमिंटन.

आणि पडद्यावर आमची लाल रेघ एकटीच तळाशी पडली होती.

"विजा," तेरेझा म्हणाली. वैजयंती तिच्या जिभेला पेलत नव्हतं. "तुमच्या लाटमापक तारा तपासल्या होत्या ना?"

"प्रत्येक चाचणीआधी."

"पाण्याची खोली?"

"रोज."

"तरी कुठेतरी काहीतरी राहिलं असेल. टाकी जुनी आहे. तुमचा दोष नाही."

तिचा स्वर खरंच मायेचा होता. ती वाईट बाई नव्हती. पण मी त्या निळ्या रेघेकडे बघत होते आणि मला एक गोष्ट घशाखाली उतरत नव्हती. एकाच डब्यातली डाळ दोन घरी दिली तरी आमटी एका चवीची होत नाही. इथे तर चिमटीतलं मीठही दाण्याला दाणा जुळलं होतं.

मी उभी राहिले. "मला एक विचारायचंय. निशिकांतची टाकी तेरेझाच्या टाकीच्या निम्मी लांब आहे. उतार वेगळा, फळी वेगळी. मग दोन रेघा एकावर एक कशा बसल्या? इतकं जुळत नाही कधी. एकाच टाकीत दोनदा मापलं तरी इतकं जुळत नाही."

तेरेझाचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. मी निशिकांतकडे पाहिलं. तो पेनचं टोपण काढत होता आणि लावत होता.

"निशिकांत, तू सांग ना."

त्याने मान वर केली आणि इंग्रजीत उत्तर दिलं. "टाकीच्या लांबीचा फरक आम्ही हिशेबात धरलाय." बस, एवढंच. इतक्या वर्षांत तो माझ्याशी इंग्रजीत कधी बोलला नव्हता. चारचौघांतसुद्धा नाही. मुलाखतीला गेलो होतो तेव्हा त्याने परीक्षकांसमोर मला मालवणीत "पाणी हवा काय गो?" विचारलं होतं.

मी पुढे काही म्हणणार एवढ्यात हर्डीकर सर उठले. मला हायसं वाटलं. आता सर बोलतील, माझ्या तोंडातला प्रश्न ते नीट, जड शब्दांत मांडतील, मग कोणाची बिशाद आहे.

"चूक आमची आहे," सर म्हणाले. "चाचण्या माझ्या सहकारी वैजयंती खातू यांनी घेतल्या. थोडी घाई झाली असावी. आमचा निकाल मी मागे घेतो. आम्ही चाचण्या पुन्हा करू."

"सर."

"वैजयंती, खाली बस."

मी बसले. पाय आपोआप दुमडले. घाई? दोन महिने मी त्या हौदाच्या कडेला डास मारत काढले होते. सर स्वतः चहाचा थर्मास घेऊन यायचे आणि म्हणायचे, आता घरी जा, डोळे बघ कसे झालेत.

पुढचं सगळं झटपट उरकलं. तेरेझाने सरांचे आभार मानले, असा मोठेपणा हल्ली दिसत नाही वगैरे म्हणाली. चाचण्या निशिकांतच्या देखरेखीखाली पुन्हा व्हाव्यात आणि निकाल जुळताच दुसरा टप्पा सुरू व्हावा असं ठरलं. प्राचार्यांनी अखेर टाळ्या वाजवल्या. परदेशी पाहुणे वर्षानुवर्षं येणार म्हटल्यावर त्यांना बॅडमिंटनचं फारसं दुःख झालेलं दिसलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत निशिकांतला मी खाली टाकीपाशी गाठलं.

"तू आणि तेरेझा आधी बोललात."

"वैजू, हय नको. लोक असत."

"या पाहुण्यांना मराठी कुठे कळतंय?"

"सरांका कळता," तो म्हणाला आणि जिन्याकडे बघितलं. जिन्यावर कोणी नव्हतं. "संध्याकाळी घराकडे बोलूया. सगळा सांगतंय."

मला त्याची कीव आली नाही. मला तो परका वाटला. त्याचा कोट परका, बूट परके, मान खाली घालायची पद्धतही परकी. हा माणूस काल रात्री आमच्या माडीवर झोपला होता. कॉलेजने पाहुण्यांसाठी हॉटेल घेतलं होतं तरी हा म्हणाला, काकीच्या हातचं जेवण सोडून मी हॉटेलात कशाला मरू? आईने त्याच्यासाठी ट्रंकेतली नवी चादर काढली होती.

संध्याकाळी दिवेलागणीलाच आम्ही जेवायला बसलो. आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं, तिरफळं घालून, त्याला आवडतं तसं. तिला दिवसभरातलं काही ठाऊक नव्हतं. मी आल्याआल्या आंघोळीला गेले होते आणि बराच वेळ नळ सोडून बसले होते.

"वैजू काय सांगूक तयार नाय," आई त्याला वाढत म्हणाली. "कार्यक्रम बरो झालो मा?"

"झालो, काकी."

"टाकी ऱ्हवतली?"

"ऱ्हवतली."

"देव पावलो. त्या हर्डीकरांनी टाकीपायी जीव काढल्यानी." तिने त्याच्या ताटात आणखी एक बांगडा घातला. "आणि वैजूनसुद्धा. दोन महिने माका हिचा तोंड दिसला नाय."

निशिकांतने हात ताटातच ठेवला. घास उचलेना. मी म्हटलं, "सांग आता. आई ऐकू दे."

मग तो ताटाकडे बघतच म्हणाला, "माझो आकडो तुझ्याइतकोच होतो."

मला आधी कळलंच नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे माझी रेघ तुझ्याच रेघेवर बसणारी होती, वैजू. थोडी खालीवर. वरती एकटी ऱ्हवणारी होती ती तेरेझाची. तिच्या टाकीत लाट टोकाक आपटून परत येता, तेच्यान तिचो आकडो फुगता. मी ती टाकी बघितलेली, माका ठावक होता."

"मग तू बदललास?"

"बदललंय."

आईने पळी भातात खोचून ठेवली. तिला टाक्या आणि रेघा कळत नव्हत्या. पण 'बदललंय' कळलं.

"कित्याक?" मी विचारलं.

"तेरेझान सांगितला, परत तपास म्हणून. एकदा सांगितला, दोनदा सांगितला. माझी नोकरी वर्षावर्षाची. तिची सही झाली नाय तर माका बाडबिस्तरा घेवन परत येवक लागता. मी परत तपासलंय, आणि तिका हवो होतो तसो आकडो दिलंय." तो हे सगळं एका दमात बोलला, पाठ केल्यासारखं. "माका वाटला, तुमचोसुद्धा फुगतलो. जुनी टाकी."

"थांब," मी म्हटलं. काहीतरी जागेवर बसत नव्हतं. "फाइली बंद होत्या. तुझा आकडा खाली आलाय हे तेरेझाला कसं कळलं? परत तपास असं ती कशाच्या जोरावर सांगते?"

"मीच तिका विचारलंय."

"का विचारलंस? आपण बोलायचं नाही असं ठरलं होतं."

निशिकांतने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दया होती आणि ती मला अजिबात आवडली नाही.

"कारण तुझो आकडो माका आधीच कळलो होतो. तुमचो फुगतलो म्हटलंय ता खोटा. सरांनी मेल केल्यानी. गणपतीच्या आधी. आमच्याकडे असो असो आकडो येता, खूप कमी वाटता, तुझ्याकडे काय येता ता खाजगीत कळव. मी घाबरलंय. माझोसुद्धा तितकोच होतो. दोघांचोय कमी म्हणजे यंत्रच पडला, यंत्र पडला म्हणजे प्रकल्प पडलो. मगे मी तेरेझाक फोन केलंय."

"आणि सरांना काय कळवलंस?"

"काय नाय. अजून तपासतंय म्हणून लिवलंय."

बाहेर शेजाऱ्यांचा रेडिओ चालू होता. आईने निशिकांतच्या ताटाकडे बघितलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "पोटभर जेव हां. टाकू नको. मगे रिक्षा बोलावतंय. आज तू हॉटेलात झोप."

"काकी..."

"भात घालू वाईच?"

तो जेवला. आईच्या समोर न जेवून सांगतो कोणाला? शेवटचा घास त्याने पाण्याबरोबर गिळला. रिक्षा आली तेव्हा आईने त्याची बॅग स्वतः उचलून ओट्यावर ठेवली आणि तो वळून पाया पडायच्या आत ती घरात निघून गेली.

मला रडू येत होतं, पण निशिकांतसाठी नाही. निशिकांतने फसवलं याचा राग होता आणि राग सोसता येतो. चार शिव्या दिल्या, फोटो फाडला, झालं. सरांच्या मेलचं काय करायचं ते मात्र मला सुचत नव्हतं. आमचा निकाल मी स्वतः सरांच्या हातात दिला होता. मी म्हटलं होतं, सर, बघा. त्यांनी बघितला होता, मान हलवली होती आणि म्हणाले होते, छान काम केलंस.

टाकीचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. टाकी आहे. दुसरा टप्पा झाला, तिसराही झाला म्हणतात. आता तिथे छप्पर नवं आहे, फळी विजेची आहे आणि दारावर तीन देशांचे झेंडे आहेत. मी त्याच आठवड्यात राजीनामा दिला आणि देवगडला बंदराचा गाळ मापायच्या कामाला लागले, अजून तेच करते. मी कॉलेज सोडलं ते निशिकांतमुळे असं सगळे समजतात. काहीजणांना तर आमच्यात काही होतं आणि ते फिसकटलं असंही वाटतं. मी कोणाचं मत खोडून काढायला गेले नाही. खरं कारण सांगायचं तर दुसऱ्या दिवशी सकाळचं ते पाच-दहा मिनिटांचं बोलणं सांगावं लागतं, आणि ते मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

सकाळी मी गेले तेव्हा सर टाकीपाशी एकटेच होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते आणि नमुन्याची पेटी दोरांना पुन्हा बांधत होते. चाचण्या पुन्हा करायच्या होत्या ना.

"ये," ते म्हणाले. "ते टोक धर जरा."

मी धरलं नाही. "सर, तुम्ही निशिकांतला आपला आकडा कळवला होतात?"

ते नाकारतील असं मला वाटलं होतं. खरं तर त्यांनी नाकारावं असंच वाटत होतं.

"कळवला होता," ते म्हणाले. "ताळा बघायला. त्याने शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं की त्याचा वर आलाय आणि सांगायला त्याला संकोच वाटतोय."

"त्याचा आपल्याएवढाच आला होता."

सरांचा हात दोरावर थांबला.

"तुमची मेल गेल्यावर घाबरून त्याने बदलला. काल रात्री स्वतः सांगितलं. तुम्ही मेल केली नसतीत तर काल पडद्यावर आपल्या दोघांची रेघ एकत्र दिसली असती आणि तेरेझाची एकटी."

सर हळूहळू हौदाच्या काठावर येऊन बसले. पाय पाण्यातच होते. खूप वेळ ते त्या दगडांच्या उताराकडे बघत राहिले. मी त्यांना ओरडायला आले होते, आणि त्यांच्या ओल्या, पांढऱ्या पडलेल्या पावलांकडे बघून माझ्याने ओरडवेना.

"म्हणजे आपलं बरोबर होतं," ते म्हणाले.

"हो."

"पूर्ण बरोबर."

"हो, सर." मग जे विचारायला आले होते ते विचारलं. "शंका आली तेव्हा तुम्ही मला का नाही विचारलंत? मी समोरच्या टेबलावर बसत होते. हाक मारली असतीत तरी ऐकू आली असती."

"तू म्हणाली असतीस, माप बरोबर आहे."

"मग?"

त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचार केला. "तेवढ्याने माझं समाधान झालं नसतं," ते म्हणाले.

मी हौदाच्या काठावरून मागे सरले. त्यांनाही आपण काय बोललो ते जाणवलं असावं, कारण ते घाईघाईने उठले, चष्मा पुसला, पँट आणखी वर दुमडली. "झालं ते झालं, वैजयंती. आता प्रकल्प मोडून कोणाचं भलं होणार? टाकी तर वाचली. निशिकांत दुपारी येईल, त्याच्या आत पहिली चाचणी उरकू. तुझ्याइतका हात कोणाचा बसलेला नाही. करशील ना?"

मी म्हटलं, "करते की. आकडा काय यायला हवा, सर?"

मी टोमणा मारला होता. सरांनी क्षणभर पाण्याकडे पाहिलं आणि आकडा सांगितला.